औषध आलं किती ते मोजता, बाटल्या गेल्या कुठे तेही विचारा

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
यवतमाळ.

विषय : खरीप आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवण्याबाबत.

महोदय,

दरवर्षी पेरणीच्या तोंडावर तुमच्या अध्यक्षतेखाली खरिपाची आढावा बैठक होते. कपाशीची किती पाकिटं लागणार, युरिया किती, डीएपी किती, लिंकिंग करणाऱ्या (खतासोबत नको तो माल गळ्यात मारणाऱ्या) दुकानदारावर काय कारवाई, पीककर्जाचं घोडं कुठं अडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बँकांना तंबी’ असा मथळा येतो. जिल्ह्यात काय येणार, याचा हिशोब तिथे टनापर्यंत होतो. हंगाम उलटल्यावर वावरात काय उरलं, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), याची बैठक झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

मी राळेगाव तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. कपाशी, मधात तुरीचं तास, थोडं सोयाबीन. एक पंचवार्षिक ग्रामपंचायतीत सदस्य होतो, त्यामुळे कचऱ्याचे सरकारी कागदही थोडेफार वाचलेत.

शहरातून आलेले साहेब आम्हाला कचऱ्याचं महत्त्व समजावतात तेव्हा थोडी गंमत वाटते. खेड्यात वस्तू सहजासहजी कचरा होत नाही. सोयाबीनचं कुटार ढोरांना जातं. तुराट्यांचा कूड होतो, त्याला शेणामातीचा हात फिरला की भिंत तयार. शेण उकिरड्यावर आणि उकिरडा उन्हाळ्यात वावरात. युरियाची रिकामी चुंगडी तर मी कोणाला फेकताना पाहिली नाही. उसवून जोडली की पावसाळ्यात गोठ्याला ताडपत्री होते, नाहीतर तिच्यात कापूस भरतात. यात एक खोट आहे, तीही सांगतो. त्या चुंगडीचे प्लास्टिकचे धागे कापसात जातात, गाठीत दबतात आणि सूतगिरणीत डोकेदुखी होतात, कारण त्या धाग्यावर रंग चढत नाही. म्हणून कापूस भरायला सुती कापडच वापरा असं जिनिंगवाले सांगतात. सांगणं बरोबर आहे, फक्त कापड कोण देणार ते कोणी सांगत नाही.

जिनिंगचंच घ्या. एक क्विंटल कापूस रेच्यावर (रुई-सरकी वेगळी करायच्या यंत्रावर) चढला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप म्हशीच्या घमेल्यात पडते. कवडी-पाचोळ्याचा (किडक्या कापसाचा, पाल्याचा) जो थोडा केर राहतो, त्याचंही खत होऊ शकतं. इतक्या काटकसरीनं चालणारा धंदा दुसरा दाखवा. ज्याला भाव आहे ते आमच्याकडे वाया जात नाही, हे मला आधी सांगून ठेवायचं होतं.

आता बाटलीकडे येतो.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारे चालतात. तुडतुडे, पांढरी माशी, मग बोंडअळी. एका फवाऱ्यात एकच औषध कोणी घेत नाही. दुकानदार एक अळीचं देतो, एक बुरशीचं देतो, वरून टॉनिक देतो. म्हणजे फवारा एक आणि बाटल्या तीन. पंप भरायचा तो धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) ड्रमपाशी, आणि बाटली रिकामी झाली की हात आपोआप बोरीच्या झुडपाकडे जातो. पोळ्याच्या सुमारास कोणत्याही वावराच्या धुऱ्यावर जा आणि झुडपाची फांदी काठीनं बाजूला करा. पांढऱ्या, निळ्या, हिरव्या बाटल्या, काहींच्या तळाशी बोटभर पिवळट पाणी. लेबल पावसानं सुटलेलं असतं, पण चौकोनातला खालचा लाल किंवा पिवळा त्रिकोण बरेचदा शाबूत असतो. मोठा पाऊस झाला की त्या नाल्यात जातात. नाल्यावर ढोरं पाणी पितात.

ज्या झुडपात राहत नाहीत, त्यांचं काय होतं तेही पाहा. भंगारवाला किलोवर नेतो, त्या कुठे आणि कशासाठी जातात हे त्यालाही कोणी विचारत नाही. काही घरी येतात. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, त्यामुळे रॉकेल, डिझेल, कधी तर पिण्याचं पाणीसुद्धा तिच्यात भरलेलं दिसतं. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हा चौकशी झाली, मास्क आणि हातमोजे वाटले गेले. ते भर उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत घालून दाखवा, असं तेव्हा बायाबापड्या म्हणत होत्या. पण पंपातलं औषध संपलं म्हणजे विष संपलं असं नाही. बाटलीच्या तळाशी उरतं ते तेच असतं, आणि त्याच्याबद्दल त्या वर्षीही कोणी अवाक्षर काढलं नाही.

नियम नाही असं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे की रिकामे डबे-बाटल्या उघड्यावर टाकू नयेत, पुन्हा वापरात येऊ देऊ नयेत, त्या फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात. हे कर्तव्य कोणाचं, तेही त्यात आहे : औषध बनवणाऱ्याचं आणि फवारणाऱ्याचं. आधी बनवणाऱ्याचं नाव आहे, हे कृपया लक्षात घ्यावं. गावात मात्र पहिलं नाव वगळूनच तो नियम वाचला जातो. कृषी सहायकानं सभेत सांगायचं, ‘बाटल्या पुरा.’ एक-दोन शेतकऱ्यांनी पुरल्या असतील तर पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच्या नांगरानं वर आल्या असतील. प्लास्टिक मातीत कुजत नाही, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

‘ग्रामपंचायत काय करते?’ असं तुम्ही विचाराल. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळतात. बाराशे वस्तीच्या गावाला ७२ हजार. त्यात नाडेप (कंपोस्ट खताचं टाकं) होतो, एखादी तीनचाकी गाडी येते, वर्गीकरणाचं शेड उभं राहतं, फोटो अपलोड होतो. आमच्या भागातल्या एका शेडमध्ये सध्या बकऱ्या बांधतात. मला त्यात गैर वाटत नाही, निदान कोणाच्या तरी कामी आलं. प्लास्टिकवर प्रक्रिया करायला तालुक्याला १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. पण ते यंत्र दुधाच्या पिशव्यांसाठी आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी. विषाची बाटली त्या ढिगात गेली तर तिथे हातानं वर्गीकरण करणाऱ्या बाईचं काय? म्हणून ही बाटली घंटागाडीत जाऊच नये, असं माझं मत आहे. तिची वाट वेगळी हवी.

आणि ती वाट तयारच आहे. कंपनीच्या गोदामातून औषधाची खोकी घेऊन गाडी येते, कृषी केंद्राच्या दारात उतरवते आणि रिकामी परत जाते. खोकं ज्या रस्त्यानं आलं, त्याच रस्त्यानं रिकामी बाटली जाऊ शकते. ब्राझीलनं २००० साली कायदा करून हेच केलं. शेतकऱ्यानं बाटली तीनदा धुऊन वर्षभराच्या आत परत करायची, कुठे परत करायची ते दुकानदारानं बिलावरच लिहायचं, पुढची वाहतूक आणि विल्हेवाट कंपन्यांनी करायची. त्या देशात थेट औषध भरलेल्या बाटल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त परत येतात. एवढं लांब जायचं नसेल तर तामिळनाडू पाहा. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारू दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. जंगलात काचा पडायच्या, हत्तींच्या पायात घुसायच्या, म्हणून मद्रास उच्च न्यायालयानं ते करायला लावलं. झिंगलेला माणूस दहा रुपयांसाठी बाटली परत आणतो, तर शुद्धीवरचा शेतकरी का नाही आणणार?

दुकानदारांची बाजूही ऐकली आहे. जागा नाही, वास येतो, कोणी अर्धी भरलेली आणून टाकली तर जबाबदार कोण? हे प्रश्न खरे आहेत, पण सुटण्यासारखे आहेत. बाटली धुणं काही अवघड नाही. रिकामी झाली की पाव भाग पाणी घालायचं, झाकण लावून खळखळ हलवायचं, ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीन वेळा. मग बुडाला खिळ्यानं भोक, म्हणजे परत भरणंही बंद. शिवाय तळाशी चिकटलेलं औषध फवाऱ्यात जातं, म्हणजे शेतकऱ्याचे पैसेही वाचतात. हे धुणं ड्रमपाशीच व्हायला पाहिजे, नाल्यावर नाही, एवढं मात्र बजावून सांगावं लागेल. भोक पाडलेली, झाकण वेगळं केलेली बाटलीच दुकानात घ्यायची, बाकी नाही. विक्रीचा परवाना कृषी खात्याकडून मिळतो, त्यामुळे दुकानदाराला सांगायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. आणि कंपन्यांकडे पैसा नाही हे तर सांगूच नये. हंगामात गावोगावी मेळावे होतात, टोप्या वाटतात, चिवड्याची पाकिटं वाटतात, भोंगा लावलेल्या गाड्या फिरतात. त्या गाड्या परत जाताना रिकाम्याच असतात.

गोळा झालेल्या बाटल्या पुढे कुठे, हाही प्रश्न येईल. आपल्या शेजारी, वणीच्या पलीकडे, कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेत. चौदाशे अंशांच्या वर तापणाऱ्या भट्टीत प्लास्टिक जाळून कोळसा वाचवायला २०१६ च्या प्लास्टिक नियमांत मुभा आहे. ज्या बाटल्या तिथे घेता येणार नाहीत, त्यांच्यासाठी बुटीबोरीला धोकादायक कचऱ्याचं केंद्र आहे. दोन्ही ठिकाणं विदर्भातलीच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला आढावा बैठकीत एक खुर्ची दिली तर यातली कोणती बाटली कुठे, ते तो तिथल्या तिथे सांगेल.

जाता जाता पऱ्हाटीबद्दल, कारण तीही त्याच बैठकीत यायला पाहिजे. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा, तिच्यातल्या कवडी बोंडात गुलाबी बोंडअळी दडून बसते. बरोबर आहे. पण उपटलेली पऱ्हाटी न्यायची कुठे? पूर्वी चुलीत जायची, आता घरोघरी सिलिंडर आहे. हेक्टरी दोन-तीन टन निघते, तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून मार्च महिन्यात काडी लागते आणि धुऱ्यावरची झाडंही होरपळतात. सिरकॉट या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूरच्या केंद्रानं पऱ्हाटीचे ब्रिकेट, पेलेट (जळणाच्या दाबलेल्या विटा आणि गोळ्या), पार्टिकल बोर्ड सगळं करून दाखवलं. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानं औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळायला सांगितलं. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर ही सगळी केंद्रं आपल्याच भोवती. म्हणजे माल आहे, घेणारा आहे, मधला माणूस नाही. उभी पऱ्हाटी भरली की ट्रॉली फुगते आणि वजन काहीच भरत नाही, वाहतुकीतच सगळं जातं. ती वावरातच बारीक व्हायला पाहिजे, त्यात अळीही मरते. अवजार बँकेत ट्रॅक्टरमागे चालणारं कुट्टीयंत्र द्या, आणि ज्या जिनिंगमध्ये कापूस घेऊन जातो तिथल्याच काट्यावर ती कुट्टी मोजून घेण्याची सोय करा. भाव रुपया-दीड रुपया किलो मिळाला तरी काडी लावायला कोणी धजणार नाही.

माझी मागणी लहान आहे. येत्या आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेत बियाणं, खत, कर्ज यांच्याखाली एक ओळ घाला : ‘मागील हंगामातील रिकाम्या बाटल्या व पऱ्हाटी.’ कोणत्या कंपनीनं जिल्ह्यात किती औषध विकलं, याचा आकडा तुमच्या अधिकाऱ्यांकडे असतोच. त्या कंपनीनं किती बाटल्या परत नेल्या, हे त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात मागा. पहिल्या वर्षी तिथे शून्य येईल, तेही छापू द्या. पूर्ण जिल्हा जमत नसेल तर एक तालुका घ्या, नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेतून बाटलीमागे अनामतीची सुरुवात करा आणि पुढच्या वर्षी तो खर्च कंपन्यांकडून वसूल करा.

आमचा तालुका घेतलात तर आमच्या गावातले बचत गट बाटल्या मोजून द्यायला तयार आहेत, तसं त्यांच्याशी बोलून झालं आहे. त्यांना हातमोजे आणि वजनकाटा लागेल. बैठकीची तारीख ठरली की विषयपत्रिका तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावावी, ही विनंती.

आपला,
राळेगाव तालुक्यातला एक कापूस उत्पादक