लॅपटॉप उघडण्याआधी पंचनामा करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एका पतसंस्थेतून निवृत्त झालो. तिथला एक प्रसंग अजून सलतो. कर्जदारांची यादी बाहेर गेल्याचा संशय आला आणि वसुली विभागातल्या एका मुलीचा लॅपटॉप साहेबांनी सगळ्यांदेखत उचलला. संगणक बघणाऱ्या मुलाने तो तिथेच चालू करून फोल्डर चाळले, दोन फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. व्हॉट्सॲप उघडंच होतं. तिच्या आईच्या आजारपणाचे मेसेज चौघांनी वाचले. आमच्याकडे पंखा बिघडला तरी डेड स्टॉक रजिस्टरला शेरा पडायचा. हा लॅपटॉप कुणी, किती वाजता उघडला याची मात्र एक ओळ नाही. पुढे वकिलांनी विचारलं, ‘तुम्ही हात लावण्याआधी यात काय होतं?’ सगळे गप्प. यादी कुणी फोडली ते कळलंच नाही. मुलीने नोकरी सोडली.

आता तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक यंत्र सांभाळणाऱ्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फायलीची ‘हॅश व्हॅल्यू’, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली खूण, लिहायची असते. फायलीतला एक स्वल्पविराम हलला तरी ती बदलते. प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही लागायचं; ते काय चीज आहे, हे जालन्याच्या 2014 च्या निवडणूक खटल्यात दिसलं. उमेदवारी अर्ज भरतानाचं चित्रीकरण सरकारी होतं, पण मागून मागून प्रमाणपत्र मिळेना. ते सक्तीचंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच खटल्यात 2020 मध्ये पक्कं केलं.

पण कोर्ट पुढची गोष्ट. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या हाती. माणसाचं निम्मं आयुष्य ज्या यंत्रात असतं, ते उघडायला मात्र एकटे साहेब पुरेसे, तेही बहुधा तक्रार करणारेच! तपास कोण करणार, तक्रारीबाहेरचं काय बघायचं नाही, हे शांतपणे आधीच ठरायला हवं. संशय आला की डोकी तापतात, मग कुणाला काय सुचणार? मूळ यंत्र सीलबंद करावं, त्याच्या हुबेहूब प्रतीवर काम व्हावं, कर्मचारी समोर असावा. त्याचा स्वतःचा मोबाइल तर मागूच नये. संस्था म्हणजे पोलीस नव्हे.

सहकार खात्याने पतसंस्थांना यासाठी एका पानाचा छापील नमुना दिला तरी पुष्कळ होईल.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सांगली