उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : फोटो पुरे झाले, मुलांना मत द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आपण कामात असाल, अधिवेशन, दौरे सगळं असतं, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मी राज्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने पैसे मिळणाऱ्या हंगामी नेमणुकीवर, समाजशास्त्र शिकवते. कॉलेजचा समान संधी कक्ष, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी घेऊन मुलं जिथे येतात तो विभाग, गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, राष्ट्रीय सेवा योजनेला म्हणजे एनएसएसलाही मदत करते. लिहायचं कारण असं की यंदाही विद्यार्थी परिषद निवडणुकीने न होता नामनिर्देशनाने झाली, यादी परवा आमच्या ग्रुपवर पडली, आणि त्याच आठवड्यात एस.वाय.च्या एका मुलाने कॉलेज सोडलं. दाखल्याच्या अर्जावर कारण लिहिलंय 'वैयक्तिक'.

त्यात वैयक्तिक काही नव्हतं साहेब. कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारा मुलगा, घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून बाहेर कॉट बेसिसवर राहायचा, सरकारी भत्ता येणार येणार म्हणत पहिली सेमिस्टर संपली आणि घरमालक रोज दारात. वर्गात पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, "कुठल्या कोट्यातून आलास रे?" त्याच्या मराठीला हसायचे, फक्त पोरंच नाही, स्टाफरूममध्ये पण हसायचे, मी स्वतः ऐकलंय. तो माझ्याकडे आला, मी त्याच्याकडून लेखी घेतलं, वर दिलं, तर वरून मलाच विचारणा झाली की मॅडम, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी यायच्या तोंडावर हे कशाला?

आता हाच मुलगा एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात कसा होता ते ऐका. गावात वनराई बंधारा घालायचा होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, वाहतं पाणी, आणि आमच्या शहरातल्या पोरांना गोणी किती भरायची इथपासून काही कळेना. हा सरळ पाण्यात उतरला. दगड कुठे टाकायचे, गोण्यांचे सांधे एकावर एक येऊ न देता थर कसे रचायचे, मधे माती कशी ठोकायची, हे सगळं त्याने दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खा गट त्याचं ऐकायला लागला. कोट्याचं विचारणारेच रात्री त्याच्याकडून कोरकू गाणी शिकत बसले होते. परत आल्यावर त्याच मुलांनी मला सांगितलं, मॅडम, इलेक्शन असेल तर आपण याला उभा करू. मला खात्री आहे तो निवडून आला असता.

पण इलेक्शन कुठाय? १९९४ मध्ये राज्यातल्या कॉलेज निवडणुका बंद झाल्या, त्याआधी हाणामाऱ्या झाल्या होत्या, मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, हे सगळं मान्य आहे. मग २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका परत आल्या. कलम ९९ आपल्याच विधिमंडळाने लिहिलंय. अध्यक्ष आणि सचिवाच्या जोडीला एक जागा मुलीसाठी आणि एक अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, ओबीसी यांच्यासाठी आळीपाळीने. म्हणजे ज्याला वर्गात कोणी विचारत नाही त्याला परिषदेत खुर्ची मिळेल याची सोय कायद्याने केलेली आहे. २०१९ ला निवडणुका होणार म्हणून गाजावाजा झाला, मग विधानसभा आली आणि त्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यानंतर कोविड, त्यानंतर बघू. मंत्री बदलले, पक्ष बदलले, सरकारं तर दिवसाढवळ्या बदलली, पण आश्वासन मात्र सगळ्यांनी तेच दिलं. अठराव्या वर्षी लोकसभेला मत चालतं, विधानसभेला चालतं, तुम्हाला निवडून द्यायला चालतं, मग स्वतःच्या कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधी, निवडताना हीच पोरं अचानक लहान कशी होतात?

आणि नुसत्या पोरांचंच नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) पदवीधर निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान तोंडावर आलेलं असताना थांबवली गेली आणि हायकोर्टाने फटकारलं तेव्हा झाली. दहा जागांची निवडणूक! दहा जागांची सुद्धा भीती वाटते का हो?

आमच्याकडे नामनिर्देशन कसं होतं ते सांगते. मेरिट बघतात, म्हणजे मार्क. मार्क कोणाला जास्त, तर ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, ज्याला संध्याकाळी कुठे कामाला जावं लागत नाही. अभ्यासू मुलं आहेत, वाईट नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण बंधारा कोणी बांधला हे मार्कलिस्टमध्ये येत नाही. त्या परिषदेत मेसबद्दल कोण बोलणार, शेवटची एसटी साडेपाचला सुटते म्हणून प्रॅक्टिकल आधी घ्या असं कोण म्हणणार, व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवलाय हे कोण विचारणार? २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात निदान ५ टक्के जागा दिल्या, पण लिफ्ट नाही, मग त्या मुलीला मैत्रिणी उचलून नेतात. तिने मला काय सांगितलं माहितीये, "मॅडम, मला रोज थँक यू म्हणायचा कंटाळा आलाय." तिला कॉलेज स्वतःचं वाटावं म्हणून मी कुठला 'दिन' साजरा करू ते मला कळवा.

कारण तेवढंच येतं वरून. परिपत्रक. हा दिवस साजरा करा, तो सप्ताह करा, पाच फोटो जीओटॅगसह आणि दोन पानी अहवाल चार वाजेपर्यंत लिंकवर टाका, न टाकल्यास जबाबदारी आपली राहील. बॅनर येतो, मुलांना वर्गातून ओढून आणतात, वेगवेगळे पोशाख घालून रांगेत उभं करतात, क्लिक, झाली विविधता. त्या फोटोत तो मुलगा पण होता, पहिल्या रांगेत, मुद्दाम उभा केलेला. अहवालात त्याचा फोटो आहे. कॉलेजात तो नाहीये.

आता समान संधी कक्षाबद्दल. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे नियम आहेत, भेदभावाची तक्रार आली तर काय करायचं ते त्यात आहे, भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय आणि तो वरिष्ठ पदावरचा असावा असंही आहे. नियम असून २०१६ मध्ये हैदराबादला पीएचडी करणाऱ्या रोहित वेमुलाने आणि २०१९ मध्ये आपल्याच मुंबईत आदिवासी डॉक्टर पायल तडवीने जीव दिला. त्या दोघांच्या आया सुप्रीम कोर्टात गेल्या, तिथून ढकलत ढकलत जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीचे नवीन नियम आले, देशभर रणकंदन झालं, कोणी बाजूने कोणी विरोधात, आणि महिन्याच्या आत कोर्टाची स्थगिती. म्हणजे पुन्हा २०१२. टीव्हीवर सगळे भांडत होते तेव्हा आमच्या कक्षाला खोली सुद्धा नव्हती. होती, पण नॅकच्या फायलींसाठी काढून घेतली. त्या खोलीत शनिवारी मुलं जमायची, कोणी गोंडी, कोणी पावरी, कोणी गोरमाटी, कोणी दखनी बोलणारं, एकमेकांना आपली भाषा शिकवायची आणि सगळे मिळून इंग्रजीतल्या नोट्स मराठीत करायचे. सरकारचा एक रुपया लागत नव्हता. आता तिथे लोखंडी कपाटं आहेत आणि व्हरांड्यात बसावं तर शिपाई हाकलतो, परवानगी आहे का म्हणून.

आणि या कक्षाची प्रमुख कोण, तर मी! जिची स्वतःची नेमणूक दर वर्षी संपते. नेट, सेट, पीएचडी सगळं झालंय. दर जूनमध्ये त्याच कॉलेजात, त्याच टेबलासमोर, त्याच लोकांना परत मुलाखत द्यायची. आठवड्याला नऊ तासांचे पैसे, राबायचं दिवसभर, आणि ते पैसे सुद्धा महिन्याच्या महिन्याला नाहीत, बिल फिरत राहतं, कधी दिवाळीनंतर, कधी मार्चनंतर. सुट्टीत पगार नाही, आजारपणात नाही, बाळंतपणात तर बाईने विचारूच नये. माझ्यानंतर शिकलेली मुलं बँकेत लागली, घरं झाली त्यांची, मी अजून बँकेत कर्जाला गेले की सॅलरी स्लिप मागतात आणि मी तासांचा हिशोब दाखवते. घरात दर वर्षी एकच विचारतात, यंदा तरी परमनंट का? आता मला सांगा, जिला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही माहीत नाही तिने वरिष्ठ प्राध्यापकाविरुद्ध आलेली तक्रार कोणत्या बळावर पुढे न्यायची? तरी मी नेली. त्याचं काय होईल ते जूनमध्ये कळेल.

हे फक्त माझं रडगाणं म्हणून सोडून देऊ नका. राज्यात ४५ लाखांच्या वर मुलं उच्च शिक्षणात आहेत, उत्तर प्रदेशनंतर आपलाच नंबर. आणि गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचा २०२२ चा आकडा काढा, देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. या यादीत आपण पहिले, कोणाच्याही मागे नाही. प्रत्येकामागे भेदभाव होता असं मी म्हणत नाही, कारणं खूप असतात. पण अडचणीत असलेलं पोरगं ज्याच्याकडे जाऊन बसेल असा एक माणूस कॉलेजात कायमचा असावा लागतो, आणि तुम्ही लोकांनी कायमची माणसंच संपवत आणली. शिक्षक तासावर, लायब्ररीत अटेंडंट नाही, वसतिगृहाच्या गृहपालाकडे दोन दोन ठिकाणचा चार्ज, सुरक्षारक्षक ठेकेदाराचा. जागा रिकाम्या ठेवून पैसे वाचवायचे आणि मग परिपत्रकात लिहायचं की विद्यार्थ्यांमध्ये आपलेपणाची भावना रुजवावी. कोणी रुजवायची?

तीच गत समाजाशी जोडण्याची. नवीन शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाला, क्रेडिट दिले, आनंद आहे. एनएसएस १९६९ पासून हेच करतंय, वर्षाला १२० तास, आणि मी आत्ताच सांगितलं की सात दिवसांत काय बदलतं. पण क्रेडिट आल्यापासून पोरं विचारतात, मॅडम फक्त सर्टिफिकेट मिळेल का, आणि बाहेर ते मिळतं सुद्धा, सही शिक्क्यासह, गावात पाय न ठेवता. वेळापत्रकात तास दाखवायचे, पण मुलांना गावात न्यायला बस नाही, सोबत जायला शिक्षक नाही, मग दुसरं काय होणार? मुलींची फी माफ केली २०२४ मध्ये, चांगलं केलं, मनापासून चांगलं केलं, पण ती मुलगी राहणार कुठे, जेवणार कुठे आणि तिचं ऐकणार कोण, हे प्रश्न फीइतकेच मोठे आहेत.

मला काय हवंय ते लिहिते. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्याच महिन्यात कलम ९९ प्रमाणे निवडणुकीचं वेळापत्रक काढा, राखीव जागांसकट, आणि भांडणं होतील म्हणत असाल तर नियम कडक करा, बाहेरच्यांना आत घेऊ नका, पण मतदान घ्या. समान संधी कक्षाला एक खोली आणि एक कायम नोकरीतला माणूस द्या, मी नसले तरी चालेल. भत्ता सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी खात्यात पडला पाहिजे, संपल्यावर नाही. रिकाम्या जागा भरा. आणि कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येक मुलाशी कोणीतरी बसून बोललं पाहिजे आणि खरं कारण लिहून घेतलं पाहिजे, 'वैयक्तिक' हा शब्द त्या फॉर्मवरून काढून टाका.

त्या मुलाचा दाखला अजून ऑफिसातच आहे, फीच्या थकबाकीसाठी अडवलाय. त्याला मी रोज फोन करते, तो परत यायला तयार आहे, भत्ता जमा झाला आणि राहायची सोय झाली तर. आपल्या खात्यातल्या कोणाला या महिन्यात हे करायचं असेल तर मला कळवा, मी त्याला आणायला स्वतः जाईन.

आपली,
एक सीएचबी प्राध्यापिका