सव्वातीन गुंजा

दांडिया बाजार, वडोदरा
दि. १९ जानेवारी

प्रिय अव्या,

तुझं पत्र उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आलं. उत्तर आज का, हे बडोद्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तीन दिवस अगाशीवरून खाली उतरलो तो फक्त जेवायला. उंधियू दोन्ही वेळा, आईचा तिळगूळ मधल्या वेळेला. बोटांची गुंदरपट्टी, म्हणजे पतंगाची डिंकाची चिकटपट्टी, कालच सोलून काढली.

आता तुझ्या रिमोटवाल्या हेलिकॉप्टरचं. तू लिहितोस की जमीन सोडायच्या आधीच ते अंगात आल्यासारखं थरथरतं, शेपटीचा उभा पंख धूसर दिसतो, आणि तू ते विकायच्या विचारात आहेस. विकू नकोस, लेका. माझ्या हेलिकॉप्टरला दिवाळीपासून हाच आजार होता आणि मी तुझ्यापेक्षा जास्त पैसे घालवून बसलोय. आधी ब्लेडं, म्हणजे वरची पाती, फिरवणारा मेन शाफ्ट वाकलाय म्हणून तो बदलला. मग दोन बेअरिंगं. मग शेपटी स्थिर ठेवणाऱ्या गायरोवर संशय. ब्लेडांवर संशय घ्यायचं सुचलंच नाही, कारण ज्या दुकानातून आणली तिथे पाकिटावर ‘जुळवलेली जोडी’ असं छापलं होतं. छापील अक्षरावर आपला विश्वास फार.

शेवटी डिसेंबरात दोन्ही ब्लेडं घेऊन मांडवीत एका सोनाराकडे गेलो. आपली तीच साधी कार्बनची, ३२५ मिलिमीटरची. त्याने काट्यावर ठेवून आकडे सांगितले. एक ३८ ग्रॅमच्या किंचित वर, दुसरं त्याहून ०.४ ग्रॅमने हलकं. मागे बसलेले त्याचे वडील हसून म्हणाले, “सव्वातीन गुंजा. एवढ्यासाठी आलात?” सोन्यात एवढ्यासाठी भांडणं होतात आणि मला हसतात!

घरी येऊन हिशेब केला. ब्लेडं जिथे बसतात ते वरचं डोकं, म्हणजे हेड, मिनिटाला २५०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या वर. त्या वेगाला प्रत्येक ब्लेड आपल्या ३ मिलिमीटरच्या बोल्टला पन्नास किलोहून जास्त ओढत असतं. दोन्ही ओढे सारखे असले तर एकमेकांना खाऊन टाकतात. फरक ब्लेडाच्या मध्यात असला तर त्या सव्वातीन गुंजांचा अर्ध्या किलोहून थोडा जास्त ओढा उरतो, टोकाला असला तर जवळजवळ एक किलोचा. तो सेकंदाला चाळीस वेळा गरगर दिशा बदलतो. गायरो बिचारा काय करेल?

आणि इथे मी बडोदेकर असल्याचा मार खाल्ला. आठवतं ना, पतंग एका बाजूला कलायला लागला की आपण काय करायचो? हलक्या बाजूच्या कोपऱ्याला, अगदी टोकाशी, गुंदरपट्टीचा तुकडा. टोकाशी म्हणजे थोडक्यात काम होतं. मी हात धुऊन तेच केलं. वायरिंगवाल्याची रंगीत टेप घेतली, हलक्या ब्लेडाच्या टोकाला दोन वेढे, पुन्हा सोनाराकडे. वजनं तंतोतंत. अकोट्याच्या पुढच्या मैदानात नेलं (हरणीकडे विमानतळ, तिकडे जायचंच नाही), आणि थरथर जशीच्या तशी. फक्त आता भारी बाजू दुसरी झाली होती.

रात्री जेवताना उलगडलं. सोनाराचं माप आणि पतंगाची जागा, दोन्ही बरोबर, पण एकमेकांचे नव्हेत. टोकाला तेवढंच वजन चिकटवल्यामुळे त्या ब्लेडाचा तोलबिंदू, म्हणजे जिथे ते आडवं तरंगतं ती जागा, दीड मिलिमीटर टोकाकडे सरकला होता. वजन सारखं, पण ते केंद्रापासून सारख्या अंतरावर नाही. नुसत्या पतंगाच्या रीतीने, दोन्ही ब्लेडं मुळाशी एकमेकांना जोडून तराजूसारखी टांगली आणि टोकाला कमी टेप लावली, तरी ती समतोल दिसतात. पण हेडमध्ये बोल्ट केंद्रापासून काही सेंटिमीटर दूर असतात, त्यामुळे टांगून मिळालेला समतोल तिथे पुरता टिकत नाही.

म्हणून आता असं कर. आधी तोलबिंदू, वजन नंतर. आमच्या आजोबांची कलाभवन तंत्रशाळेतली पोलादी फूटपट्टी तू पाहिली आहेस. ती शिकंज्यात उभी धरून तिच्या कडेवर एकेक ब्लेड आडवं तोललं आणि जिथे तरंगलं तिथे पेन्सिलीची खूण केली. मग दोन्ही ब्लेडं बोल्टची भोकं जुळवून शेजारी ठेव. खुणा मागेपुढे असतील तर ज्या ब्लेडाची खूण मुळाकडे आहे त्याच्या टोकाला नखाएवढी टेप, खुणा एका रेषेत येईपर्यंत. त्यानंतर वजन कर, आणि हलक्या ब्लेडावर टेप गुंडाळायची ती बरोबर त्या खुणेवर. तिथे लावलेल्या टेपने वजन वाढतं, तोलबिंदू हलत नाही. वेढा पुढच्या कडेवरून घे आणि सुटं टोक मागे ठेव, नाहीतर वारा ते उचकटतो. टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातो.

बोल्ट फार आवळू नकोस. हेलिकॉप्टर आडवं धरलं तर ब्लेडं सरळ राहावीत, हिसका दिला की कलावीत. फार घट्ट असली तर ओढाने आपोआप सरळ रेषेत येत नाहीत.

मगच ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही ब्लेडं एकाच पातळीत फिरतील असं करणं. मी मूर्खासारखं ते आधी करत बसलो होतो. एका टोकाला लाल, एकाला निळी टेप, दहा पावलं लांबून, डोळ्यांना चष्मा लावून फिरत्या ब्लेडांच्या चकतीच्या कडेकडे बघ. वर दिसतो त्या रंगाच्या ब्लेडाची लिंक, म्हणजे कोन ठरवणारी छोटी दांडी, एक आटा फिरवून त्याचा कोन कमी कर.

माझ्या हलक्या ब्लेडाच्या मध्यावर आता हिरव्या टेपचे दोन वेढे आहेत, मोडलेल्या हाताला पट्टी बांधावी तसे. पण काल, आकाशात मांजा संपल्यावर, मैदानात नेलं तर शेपटीच्या पंखावरचा माझा लिहिलेला नंबर पहिल्यांदाच उडताना वाचता आला.

तुझ्या खुणा मुळापासून किती मिलिमीटरवर येतात ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. गुंदरपट्टी ब्लेडावर लावायचा विचार तुझ्याही मनात आलाच असेल. मी लावून पाहिली. पहिल्याच फेरीत उडाली आणि अजून सापडली नाही.