रुग्णांच्या आकड्याशेजारी लोकसंख्याही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात कावीळ, टायफॉइड व डेंग्यूच्या रुग्णांचे विभागवार आकडे येतात, ते मी नेमाने वाचतो. मात्र शेजारी लोकसंख्या नसल्यामुळे आजार खरोखर कोठे जास्त आहे, हे कळत नाही. समजा, साठ हजार वस्तीत 60 आणि आठ हजार वस्तीत 24 रुग्ण निघाले, तर मथळा साठांचा होतो. पण दर दहा हजारांमागे हेच प्रमाण 10 आणि 30 असे पडते, म्हणजे स्वच्छ पाण्याचा टँकर आधी दुसरीकडे जायला हवा.

1854 साली लंडनच्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंबरोबर घरेही मोजली. शहरातले, सांडपाणी मिसळलेले टेम्सचे पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू होते, तर नदीच्या वरच्या अंगाचे पाणी पुरवणाऱ्या कंपनीकडे अवघे 37; आणि पुष्कळ रस्त्यांवर ही दोन्ही प्रकारची घरे शेजारी शेजारी होती. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला, तो त्यानंतर तीस वर्षांनी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांत कावीळ आली, तेव्हा मी वही घेऊन घरोघर गेलो. घरात माणसे किती, आजारी किती, पाणी कोणत्या नळाचे आणि मळमळ कोणत्या तारखेला सुरू झाली, असे चार रकाने आखले होते. तक्रारीनंतर पाण्याचा नमुना तपासला गेला, तो स्वच्छ निघाला आणि तक्रार निकाली निघाली. परंतु अ प्रकारच्या काविळीत लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस, बहुधा चार आठवडे जातात. वहीतल्या तारखांवरून तितके मागे गेल्यावर लक्षात आले की त्याच सुमारास गल्लीत खोदकाम झाले होते आणि आठवडाभर नळाला गढूळ पाणी येत होते. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण चौकशी त्या आठवड्याची व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून कळकळीची विनंती आहे की आपल्या तक्त्यात विभागाची लोकसंख्या द्यावी, त्या आठवड्यातले नवे रुग्ण आणि आधीपासून उपचार घेत असलेले रुग्ण वेगळे दाखवावेत, आणि शक्य तेथे दवाखान्यातल्या नोंदीऐवजी लक्षणे सुरू झाल्याची तारीख धरावी.

आपला,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे