नाकुरूचे गेंडे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर धड बोलणंच झालं नाही, म्हणून लिहितेय. वीकेंडला लेक नाकुरूच्या नॅशनल पार्कला जाऊन आलो, नैरोबीपासून १६० किलोमीटरच्या आसपास, मधे रिफ्ट व्हॅलीचा घाट लागतो आणि खाली एवढी मोठी दरी पसरलेली दिसते की बघतच राहावं.

बाबा, आधी गेंड्यांचं सांगते. रस्त्याला लागूनच पांढऱ्या गेंड्याची मादी आणि पिल्लू चरत होते, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तर गवत तोडल्याचा चरचर आवाज गाडीत ऐकू येत होता, तिचं तोंड जमिनीला टेकलेलं, कान मात्र सारखे फिरत होते, आणि पाठीवर लाल चोचीचे पक्षी किडे टिपत बसलेले. काळा गेंडा झुडपात असतो, त्याचा वरचा ओठ टोकदार, त्याने पाला ओढून खातो, तो लांबूनच दिसला. केनियात १९७० च्या सुमाराला २०,००० च्या घरात काळे गेंडे होते, शिंगांसाठी मारून मारून १९८० च्या दशकाअखेर ४०० च्या आत आले, म्हणून या अख्ख्या पार्कला विजेचं कुंपण घातलंय. हे ऐकून खरंच गलबलून आलं.

आई, कॅलेंडरवर दिसतो तसा फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेला किनारा आता नाहीये गं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तलावाचं पाणी खूप वाढलंय, जुनं गेटही पाण्यात गेलं, खारेपणा कमी झाला की फ्लेमिंगो खातात ते शेवाळ कमी होतं, मग ते बोगोरिया तलावाकडे जातात. थोडे होते, पेलिकन मात्र भरपूर. आणि काठाला बाभळीची वाळून उभी राहिलेली झाडं, ते बघून वाईट वाटतं.

तुम्ही दोघांनी यायचंच. पार्क लहान आहे, १८८ चौ. किमी, छत उघडणाऱ्या गाडीत बसूनच सगळं दिसतं, बाबांच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. इथे हत्ती नाहीत पण ते आपण दुसरीकडे बघू. प्लास्टिकच्या बाटल्या पार्कात चालत नाहीत, आई तुझी स्टीलची आण. यलो फीव्हरची लस निघायच्या १० दिवस आधी तरी घ्यावी लागते, भारतात परतताना सर्टिफिकेट बघतात, पण साठीच्या पुढे ती सरसकट देत नाहीत म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि काय म्हणतात ते मला लगेच कळवा, तिकिटं त्यानंतरच काढते.

तुमची,
ताई