सहा पाती मोजायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला मी तुमच्या नातवाला सांगितलंय. समोर बसून आभार मानले असते, तर "त्यात काय एवढं, ताई" म्हणून तुम्ही चहाचा कप पुढे केला असता आणि विषय तिथेच संपला असता. जाहीर लिहिण्याचं आणखीही एक कारण आहे. एखाद्या मंडळाकडे, सोसायटीकडे किंवा मुळशी-पानशेतच्या काठावरच्या कुणाच्या शेतघरी आमच्यासारखं बोटीचं इंजिन पडून असेल, तर तुम्ही आम्हाला सांगितलेलं त्यांच्याही कानावर जावं.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तो दिवस इथलं कुणी विसरणार नाही. आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि सासूबाई इन्सुलिनचा डबा मांडीवर घेऊन वरच्या मजल्याच्या जिन्यात बसल्या होत्या. बोटी आल्या, माणसं निघाली. पण बोट येईपर्यंतचा जो वेळ असतो ना, तो फार लांब असतो. आमच्या आळीतले म्हातारे १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्याच्या गोष्टी सांगायचे, त्या मला त्या सकाळी पहिल्यांदा खऱ्या वाटल्या. पुढच्या वर्षी मंडळाने वर्गणीतला हिस्सा बाजूला काढून एक जुनी फायबरची बोट आणि २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. देखभालीची वही माझ्याकडे आली.

त्या वहीत मी दर रविवारी एक टिक करत होते. "इंजिन चालू केले, अर्धा मिनिट." अशा अकरा टिका. स्कूटर बरेच दिवस बंद असली की आपण अधूनमधून चालू करून ठेवतो, तसंच हेही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अर्ध्या मिनिटात इंजिन तापत नाही, म्हणजे काही बिघडत नाही, असं मला मनापासून वाटत होतं. इंजिन जिवंत ठेवण्यासाठी मी जे करत होते, त्यानेच ते मरत होतं.

बाराव्या रविवारी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन पार्किंगवरून चालला होता. पोरांनी दोरी ओढली, तिसऱ्या हिसक्याला इंजिन पेटलं, सगळ्यांनी "मोरया" केलं, आणि तुम्ही पिशवी तिथेच खाली ठेवून धावत आलात. कुणाला काही न विचारता लाल दोरीची क्लिप खेचलीत. इंजिन बंद झाल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "पाणी कुठंय?" आम्हाला प्रश्नच कळला नाही.

मग तुम्ही जमिनीवर उकिडवे बसलात आणि इंजिनाच्या खालच्या पायावरची जाळी दाखवलीत. गाडीला रेडिएटर असतो. या इंजिनाचा रेडिएटर म्हणजे अख्खी नदी. त्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, वर जाऊन इंजिन थंड करतं आणि बाहेर पडतं. ते ओढायला आत रबरी पात्यांचं एक चाक असतं, इम्पेलर. ते इंजिनाच्या उभ्या शाफ्टवरच बसवलेलं असल्यामुळे गिअर न्यूट्रलला असला तरी फिरतच राहतं. पाणी हेच त्या रबराचं वंगण. पाणी नसेल तर पाती कोरड्या धातूवर घासतात आणि काही सेकंदांतच पोळायला लागतात. इंजिन गरम व्हायच्या कितीतरी आधी पंप गेलेला असतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. आवाज तोच, धूर तोच. कळतं ते पुरात, भरल्या बोटीत.

तीस वर्षं रत्नागिरीच्या जेटीवर हीच इंजिनं उघडलेला माणूस आमच्यापासून दोन गल्ल्यांवर मुलाकडे राहतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी तुम्ही स्वतःची पान्यांची पिशवी घेऊन आलात आणि खालचा पाय उतरवलात. पंपाचं झाकण निघालं तेव्हा आतलं चाक शेंगदाण्याच्या करपलेल्या सालासारखं कडक झालं होतं. मी म्हटलं, "नवीन मागवू." तुम्ही म्हणालात, "आधी मोजा."

पाती सहा असायला हवी होती. चाकावर चार होती. दोन कुठे गेली?

एक तुकडा पंपाच्या तळाशीच सापडला. दुसरा सापडेना. रात्रीचे नऊ वाजले, पोरं कंटाळली, मीही म्हणाले की बाहेर पडून गेला असेल. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, की तो तुकडा पाण्याच्या वाटेवर वर कुठेतरी अडकून बसलेला असणार. नवीन चाक टाकलं तरी पाणी अर्धंच चढणार, आणि मग दोष नव्या चाकाला देणार तुम्ही. पाणी वर नेणारी नळी काढून तुम्ही उलटी फुंकलीत, आणि तो नखाएवढा काळा तुकडा माझ्या तळहातावर पडला. तोपर्यंत तुम्ही एकही बोल्ट लावू दिला नव्हता. काका, माझे आभार सगळ्यात जास्त त्या तासाचे आहेत. इतर कुणीही, मी स्वतःसुद्धा, तो तास वाचवला असता.

नाना पेठेत दोन दिवस फिरूनही तो इम्पेलर मिळाला नाही. स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळं मिळेल, बोटीचं नाही. शेवटी तुमच्या एका फोनवर रत्नागिरीहून एसटीच्या पार्सलने स्वारगेटला आला. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावायचं, शाफ्ट फिरतो त्याच दिशेने चाक फिरवत झाकण दाबायचं म्हणजे सगळी पाती एका बाजूला वळून बसतात, शाफ्टमधली छोटी किल्ली, म्हणजे चाकाला शाफ्टशी अडकवणारा धातूचा तुकडा, पडू द्यायची नाही, हे तुम्ही आमच्याच हातांनी करून घेतलंत.

आणि मग पाण्याची ट्रायल. तारेच्या चिमट्याला जोडलेल्या दोन रबरी वाट्या, त्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर घट्ट बसवायच्या आणि एका वाटीला बागेचा पाईप. त्याआधी प्रोपेलर काढायला लावलात, कॉटर पिन आणि नटासकट. न्यूट्रलमध्येही तो कधी कधी फिरतो, आणि सोसायटीतली पोरं कुठे हात घालतील सांगता येत नाही. आमचं पार्किंग तीन बाजूंनी बंद. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी आणि त्याला वास नसतो म्हणून इंजिन स्टँडसकट मैदानात न्यायला लावलंत. पाईपवरून कुणाच्या स्कूटरचं चाक गेलं तर पाणी तुटतं, म्हणून नळाशी एक माणूस उभा. आधी नळ पूर्ण सोडायचा, वाट्यांच्या कडेने पाणी उडताना दिसलं की मगच दोरी. बंद करताना उलट: आधी इंजिन, मग नळ.

त्या दिवशी आमचा सुमित अ‍ॅक्सिलरेटर फिरवायला गेला आणि तुम्ही त्याचा हात धरलात. पाईपवर चालवताना फक्त आयडलिंग. रेस केली तर पंप पाईपच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी ओढतो, वाट्या चेपतात आणि इंजिन पुन्हा कोरडं. शिवाय पाण्याचा भार नसल्यामुळे ते नको तितकं जोरात फिरतं. इंजिनाच्या कडेला पाईप जोडायचं एक तोंडही होतं. त्याला पाईप लावून चालू करू का, असं मी विचारलं. अनेक इंजिनांत ते तोंड इंजिन बंद ठेवून आतून धुण्यापुरतंच असतं, कंपनीचं पुस्तक वाचल्याशिवाय नाही, असं तुम्ही बजावलंत. उन्हाळ्यातल्या पाणीकपातीचा विषय मी काढला तेव्हा ड्रमचाही मार्ग सांगितलात: जाळी आणि तिच्या वरची आडवी पट्टी पूर्ण बुडेल इतकं पाणी, आणि तेच पाणी तापून तेलकट झालं की थांबायचं.

पण तुम्ही पाहायला शिकवलंत ते धारेकडे. इंजिनाच्या मागून पडणारी ती बारीक धार. आयडलिंगला आवाज कसा आहे, हे नंतर. धार आली का, हे आधी. दहा-पंधरा सेकंदांत आली नाही तर विचार करत बसायचं नाही, क्लिप खेचायची.

तुम्ही मजुरीचे पैसे घेतले नाहीत. वहीतल्या माझ्या अकरा टिका पाहिल्यात तेव्हाही काही बोलला नाहीत, फक्त पुढच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखून दिलेत: नळ कुणी धरला, धार किती सेकंदांत आली, पेट्रोल कधीचं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही, आणि आमच्या इंजिनाला लिटरमागे २० मिली तेल, ५० ला १, हेही त्याच पानाच्या समासात तुमच्या अक्षरात आहे.

आता तुम्ही गावी गेल्यानंतरची बातमी. गेल्या महिन्यात सगळं तसंच केलं. नळ सुटला, वाट्यांतून पाणी उडालं, इंजिन पेटलं आणि धार आली नाही. मी घड्याळाकडे पाहतेय तोवर सुमितने क्लिप खेचली होती. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. धारेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने ते हळूच मोकळं केलं, पुन्हा नळापासून सुरुवात केली, सातव्या सेकंदाला धार. हाताला कोमट लागली. दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, मग नळ, आणि सगळं पाणी निथळेपर्यंत इंजिन उभंच ठेवलं.

खालच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायचं बाकी आहे. दुधाळ दिसलं तर सील गेलं, एवढं लक्षात आहे, पण किती दुधाळ म्हणजे दुधाळ हे तुमच्या डोळ्यांनी पाहायचंय. तुम्ही दिवाळीला येताय असं नातवाने सांगितलं. तोपर्यंत गिअरबॉक्सचा बोल्ट आम्ही उघडत नाही.

तुमची,
मंडळाची वही सांभाळणारी ताई
सिंहगड रोड, पुणे