तक्त्यातल्या रेघा

चंद्रपूर
रविवार, रात्र

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज जड झाला होता. “बाबा, भूशास्त्राच्या तक्त्यातल्या कल्पांची, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या कालखंडांची, नावं डोक्यात राहतच नाहीत. कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन... नुसतं पाठ करायचं आणि विसरायचं. माझा विषयच चुकला वाटतं.” मी काही बोलणार तेवढ्यात आईने फोन घेतला, मेसच्या भाजीची चौकशी सुरू झाली आणि माझं सांगणं राहून गेलं. तसंही ते दोन मिनिटांत आटोपणारं नव्हतं. आज जेवणं झाल्यावर लोखंडी पेटी उघडली आणि तळाशी पडलेलं जुनं फील्ड बुक बाहेर काढलं. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं आहे. ते समोर ठेवूनच लिहायला बसलोय.

तेव्हा मी भूमिगत खाणीत सर्व्हेला होतो. सर्व्हेवाल्याची नजर कायम छताकडे. आमची स्टेशनं, म्हणजे मोजणीच्या खुणेचे खुंट, छतातच ठोकलेली असतात, त्यांना ओळंबा लावून खाली माप घ्यायचं. कोळसा काढून झाला की वर काळपट शेलचं, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्यांपासून झालेल्या खडकाचं, छत उरतं. त्या दिवशी मी स्टेशनचा खुंट शोधत होतो. कॅप लॅम्प सरळ वर धरला तेव्हा काहीच दिसलं नाही. मान थोडी वळली, उजेड तिरपा पडला, आणि छतभर पानं दिसली. एकावर एक, आडवीतिडवी, पानगळीनंतर सागाच्या जंगलात जमीन दिसते तशी. फक्त ती जमीन माझ्या डोक्यावर होती.

पुढच्याच आठवड्यात ड्रेसरने, म्हणजे छत साफ करणाऱ्या कामगाराने, सबलीने सैल दगड पाडले. त्यातली एक चपटी फाडी मी दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणली. तिच्यावर एकच पान अखंड होतं. वीतभर लांब, जिभेसारखं, मधोमध जाड शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. बोट फिरवलं तर मधली शीर हाताला लागायची. आणि उजव्या कडेला, टोकाकडून तीन बोटं खाली, अर्धचंद्राएवढा तुकडा नव्हता. दगड फुटून गेलेला नाही, पानच तेवढं नव्हतं. आपल्या दारच्या लिंबाच्या पानाला अळी लागते ना, अगदी तसं.

ती फाडी मी कपाटावर ठेवली. खाणीतल्या ओलीत कोट्यवधी वर्षं टिकलेला तो शेल चंद्रपूरच्या एका मे महिन्यात वाळून तडकला. एक दिवस आईने कपाट पुसायला घेतलं तर पापुद्रे हातात आले. मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण आणल्या रात्रीच मी त्याचं चित्र फील्ड बुकात काढून ठेवलं होतं, मापासकट.

त्या झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस. 1828 मध्ये ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दिलं. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ आणि प्टेरिस म्हणजे नेचा. पुढे कळलं की तो नेचा नाहीच, बी धरणारं झाड आहे. आज ते झाड पृथ्वीवर कुठेही नाही. पण आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा बराचसा त्या जंगलांचा आहे. आपल्या घरचा बल्ब त्या झाडांवर जळतो, असं मी तुला लहानपणी सांगायचो, आठवतं? तू बल्बकडे बघत बसायचीस.

1912 मध्ये कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परत येताना बर्फात अडकला. अन्न संपलं, हातपाय गोठले, तरी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी स्लेजवरचे सुमारे 16 किलो दगड टाकून दिले नाहीत. काही महिन्यांनी त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगड सोबतच होते, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडणारं पान दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरही सापडलं. हे सगळे भूभाग एके काळी एकत्र होते, याचा तो मोठा पुरावा ठरला. आणि त्या जोडखंडाला नाव कोणाचं? गोंडांचं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटने 1872 मध्ये इथल्या खडकांना गोंडवना म्हटलं आणि तेच पुढे जगाने उचललं. ज्या गोंड राजांच्या परकोटातून तू शाळेत जायचीस, त्यांच्या मुलुखाचं नाव अंटार्क्टिकाच्या पुस्तकात आहे.

आता तुझ्या तक्त्याकडे येतो. हा तक्ता एका सर्व्हेवाल्यापासून सुरू झाला, हे तुला कोणी सांगितलं का? इंग्लंडमधला विल्यम स्मिथ. 1790 च्या सुमारास तो सॉमरसेटच्या कोळसा खाणींत उतरून मोजणी करायचा, नंतर कोळसा वाहून नेणाऱ्या कालव्याची मोजणी त्याच्याकडे आली. कालवा खणताना थर उघडे पडत गेले आणि त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक थराचे शंखशिंपले ठरलेले आहेत. दोन थर रंगाने, पोताने हुबेहूब असले तरी आतले जीवाश्म वेगळे. आणि त्यांचा क्रम इथे जो, तोच पन्नास मैलांवर. कोणत्याही विद्यापीठात न शिकलेल्या या माणसाने 1815 मध्ये एकट्याच्या बळावर अख्ख्या इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. चारच वर्षांनी कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला.

त्याचा एक भाचा होता, जॉन फिलिप्स. आईवडील लहानपणीच गेले, मामाने वाढवला, सोबत हिंडवला. मामाने थर ओळखायला शिकवले आणि 1841 मध्ये त्या भाच्याने अख्ख्या जीवाश्मांचा हिशेब मांडून तीन महाकल्प पाडले: पुराजीव, मध्यजीव, नवजीव. त्याने खडकाचा रंग धरला नाही, कठीणपणा धरला नाही. जीवांच्या यादीत जिथे एकदम खिंडार पडलेलं दिसलं, तिथे रेघ मारली.

पोरी, एवढंच मला सांगायचं होतं. तुझ्या तक्त्यातल्या मोठ्या रेघा त्या आहेत, जिथे कोणी तरी कायमचं गेलं. तू नावं पाठ करतेस म्हणून ती राहत नाहीत. रेघेच्या खाली कोण होतं आणि वर कोण उरलं नाही, ते बघ.

नावांचं तर फार अवघड नाहीच. कँब्रिया हे वेल्सचं जुनं नाव, ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन ही तिथल्याच जुन्या टोळ्यांवरून, डेव्हॉन हा परगणा, पर्म हे रशियातलं, जुरा हा डोंगर, क्रिटेशस म्हणजे खडू. जिथे थर आधी वाचला, तिथलं गाव चिकटलं. कार्बोनिफेरस म्हणजे कोळशाचा. पण तिकडचा कोळसा. आपला त्याच्या नंतरचा, पर्मियनचा, हे परीक्षेत चुकू नकोस.

आणि एक कर. छापील तक्त्यावर विश्वास ठेवू नकोस, तो मापात नसतो. माझी जुनी 30 मीटरची टेप तुझ्या बॅगेत आहे, ती होस्टेलच्या गच्चीवर ताण. 1 मिलिमीटर म्हणजे 1 लाख वर्षं धर. पृथ्वीचं वय त्या मापाने साडेपंचेचाळीस मीटर होतं, म्हणजे दीड टेप. त्यात पहिले चाळीस मीटर जवळजवळ मोकळे. जीव होते, पण बहुतेक डोळ्यांना न दिसणारे, कवच नाही, हाड नाही. तक्त्याच्या तळाशी एका अरुंद पट्टीत ते सगळे चाळीस मीटर कोंबलेले असतात. आता आजच्या टोकापासून मागे मोज. कँब्रियन 5 मीटर 39 सेंटिमीटरवर सुरू होतो. तू जी नावं पाठ करतेस ती सगळी तिथून पुढची. माझं पान साधारण 2 मीटर 90 वर. डायनोसॉर 66 सेंटिमीटरवर संपतात. माणूस शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. आपला किल्ला टेपवर दाखवता येत नाही, रेघेच्या जाडीपेक्षा तो लहान आहे.

आता 2 मीटर 52 सेंटिमीटरवर बोट ठेव. 25 कोटी 20 लाख वर्षं. पर्मियन इथे संपतो आणि त्याच्यासोबत सगळा पुराजीव. सायबेरियात लाव्हा वाहत होता, हवा तापली, समुद्रातला प्राणवायू सरला. समुद्रातल्या दहा जातींमागे आठ-नऊ गेल्या. ट्रायलोबाइट नावाचे जीव जवळजवळ 27 कोटी वर्षं नांदले होते, त्यांचे उरलेसुरले वंशज इथे संपले. ग्लॉसोप्टेरिसची जंगलंही इथेच गेली. फील्ड बुकातलं पान आणि ही रेघ यांच्यात जवळजवळ 40 सेंटिमीटरचं अंतर आहे, हातभर म्हण. ते पान गळलं तेव्हा त्या झाडाचा वंश आणखी जवळजवळ चार कोटी वर्षं चालायचा होता.

66 सेंटिमीटरची रेघ तर तुझ्या पायाखालीच आहे. आपल्या दख्खनचा बहुतेक सगळा लाव्हा त्या रेघेच्या आजूबाजूच्या सेंटिमीटरभरात ओतला गेला. लाखो चौरस किलोमीटर, काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटर जाड. त्याच काळात मेक्सिकोजवळ मोठी अशनी आदळली. कोणाने किती मारलं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, ते तू शिकशीलच. मला मात्र तुझ्याच नागपुरातली टाकळी जास्त जवळची वाटते. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्या हिस्लॉप मिशनऱ्याने 1850 च्या दशकात तिथल्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातले शंख जगापुढे मांडले. विचार कर. लाव्हा आला, थंड झाला. त्याच्यावर पाऊस पडला, तळं साचलं, तळ्यात गोगलगायी आल्या, काठाला झाडं उगवली. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं झाकलं गेलं. असं कितीदा झालं! तक्त्यात तिथे एक सरळ रेघ दिसते, पण टाकळीच्या खडकात त्या रेघेच्या पोटात अख्खी तळी आहेत.

पिसदुरा विसरली नसशील. वरोऱ्याजवळचं ते शेत, तू सहावीत होतीस. तू एक गाठोळा उचललास, रताळ्यासारखा, एका टोकाला निमुळता, आणि विचारलंस, “बाबा, हे हाड का?” मी म्हटलं, शेण आहे, डायनोसॉरचं. तू तो टाकला नाहीस. दोन्ही हातांत धरून वास घेऊन बघितलास आणि जिथला होता तिथेच अलगद ठेवलास. त्याच पिसदुराच्या विष्ठाश्मांत 2005 मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म गारेचे कण सापडले. गवताच्या पेशींत सिलिका साचते, ती पचत नाही, कुजत नाही, आकार धरून राहते. तोवर डायनोसॉर गवत खात असतील असं कोणाच्या मनातही नव्हतं. त्या कणांत भाताच्या कुळातल्या गवताशी जुळणारेही होते. चंद्रपूर म्हणजे भाताचा जिल्हा. इथल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते तूच समज.

विषय चुकला असं मात्र पुन्हा म्हणू नकोस. शेण हातात धरून वास घेणारी पोर दुसऱ्या कुठल्या विषयात रमली असती?

दिवाळीला येशील तेव्हा पैनगंगेकाठी इरईला जाऊ. तिथल्या चुनखडकावर हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत, आपल्या कोळशाच्याही आधीचे. बर्फ, आपल्या चंद्रपुरात! सकाळी सहाला निघावं लागेल, ऑक्टोबरच्या उन्हाचा भरवसा नाही. आई सांबारवडी करून देणार आहे.

पाकिटात फील्ड बुकाचं ते पान फाडून घातलंय. चित्र पेन्सिलीचं आहे, पुसट झालंय, म्हणून दुमडताना बटर पेपर मध्ये ठेवलाय. मधली शीर दोन ठिकाणी तुटक दिसेल, ती तशीच होती. उजवीकडे तो अर्धचंद्र आहे. त्याची कड मी तेव्हा भिंगाखाली बघितली होती, किंचित जाड होती, खाल्ल्यावर पानाने जखम भरून काढली तर होते तशी. म्हणजे पान झाडावर असतानाच कोणी तरी खाल्लं होतं. त्या काळी पानं कुरतडणारे कोण कोण होते, ते तुझ्या लायब्ररीत बघ आणि मला कळव.

तुझे,
बाबा